टोपी घातली तर माणूस

बुदाई, १४ जानेवारी २०२१

सोबे,

तुझ्या पत्राला महिना होऊन गेला. शिंपल्यांतून कालवं सोलायचे दिवस होते, बोटांत कागद धरवत नव्हता. डोळ्यावरचा पडदा काढला म्हणतेस, मग अक्षर अजून उताणं का पडतंय? पुलीच्या डॉक्टरला हातही दाखव.

बातमी मोठी आहे. बसून वाच.

गेल्या मंगळवारी ताइपेहून सरकारी दप्तरखान्यातली एक बाई आली. तोंडाला फडकं, हातात पांढरे मोजे, बरोबर पुठ्ठ्याची दोन खोकी. मला वाटलं गुडघ्याचं औषध विकायला आली. म्हणाली, "आजी, सत्याहत्तर ते शहाऐंशी, लष्करी कायद्याच्या दिवसांत, सरकारनं तुमच्या घरावर पाळत ठेवली होती. त्याचे हे कागद. आता कायद्यानं तुम्हाला ते बघायचा हक्क आहे."

मी म्हटलं, "पाळत माझ्या सासूनं ठेवली होती, ती काय कमी होती?"

ती हसली नाही. मोजे घालायला शिकलेत, हसायला अजून शिकायचेत.

कागद सगळे चिनी अक्षरांत. ती मला कुठली यायला. आपल्या दोघींची अक्षरं म्हणजे प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत लिमबाईंनी शिकवलेली, परदेशी पाद्र्यांनी आणलेली, रोमन वळणाची, कोंबडी चिखलात नाचून गेल्यासारखी. म्हणून नात युनछी रोज जेवण झाल्यावर वाचून दाखवते. ती कायदा शिकते, त्यामुळे वाचताना मध्येमध्ये तिला राग येतो. मला येत नाही, हीच पंचाईत आहे.

आमच्या मास्तरांच्या नोंदी ऐक. "सकाळी ६.२०. संशयित मागच्या दारी दात घासतो. गातो. गाणे समजले नाही." समजणार कसं, तोंडात ब्रश असायचा. "सकाळी ६.३५. पत्नी ओरडते. संशयित गाणे थांबवतो. पत्नी आत जाते. संशयित पुन्हा गातो." सोबे, हे एका दिवसाचं नाही, नऊ वर्षांचं आहे. पोटच्या पोरांनी बापाची एवढी नोंद ठेवली नाही. पोरांना विचार, तुमचा बाप काय गायचा, तर तोंडाकडे बघतील. सरकारला माहीत आहे.

समोरच्या कोपऱ्यावरचा छत्रीवाला आठवतो? मी तुला लिहिलं होतं, तीन वर्षं बसला पण एक छत्री धड शिवली नाही, माझ्या हिरव्या छत्रीच्या काड्या मोडून परत दिल्या. तो त्यांचा माणूस. एका पानावर त्यानं लिहिलंय: "संशयिताच्या पत्नीने पाहणाऱ्यास पेरू दिला. संपर्क टाळता आला नाही. पेरू गोड." मी युनछीला म्हटलं, ही ओळ परत वाच. तिनं वाचली. मी म्हटलं, अजून एकदा. परसातलं ते पेरूचं झाड शहाण्णवच्या वादळात पडलं. ते गोड होतं हे आता मला आणि सरकारला, दोघांनाच ठाऊक.

आणि हे ऐकून तू पोट धरशील. पहिल्याच पानावर कोणा साहेबानं शेरा मारलाय: "'बोंगची' हे सांकेतिक नाव असावे. कोणतेही आईबाप मुलीचे नाव 'पोसू या, आलीच आहे तर' असे ठेवणार नाहीत." साहेब समुद्रापलीकडून, चीनमधून आलेला, त्याला आपल्याकडची रीत काय ठाऊक. चौथी मुलगी झाली की आणखी काय नाव ठेवतात? माझ्या बापाला भेटवायला हवं होतं त्याला.

जाताना बाईनं एक फॉर्म दिला. त्यात तीन रकाने. हे कागद सगळ्यांना बघायला उघडे ठेवायचे, नावं झाकून उघडे ठेवायचे, की घरगुती आहेत म्हणून बंद ठेवायचे. प्रत्येक पानाचं मी ठरवायचं. एप्रिलच्या तीस तारखेपर्यंत. मी म्हटलं, "नऊ वर्षं माझ्या चुलीत डोकावलात तेव्हा विचारलं नाहीत, आता विचारताय?" तर युनछी म्हणते, राज्यघटनेत बारावं कलम आहे, लोकांची पत्रं गुप्त राहतील, ती कोणी उघडायची नाहीत. मी विचारलं, हे कलम कधी केलं? म्हणाली, सत्तेचाळीस साली. म्हणजे छत्रीवाला बसला होता तेव्हाही होतं. मग कुठं निजलं होतं मेलं?

दुसऱ्या खोक्यात आपली पत्रं आहेत. मी तुला लिहिलेल्या पत्रांचे फोटो, शेजारी कोणीतरी चिनीत उतरवलेलं. आपली कोंबडीची अक्षरं त्यांना वाचता आली, याचंच मला नवल. आपण तर निर्धास्त होतो, की हे कोणाच्या बापाला कळायचं नाही. ती युनछी पुढच्या आठवड्यात वाचेल.

तुझा खोकला कसा आहे? आलं उकळून पी, गोळ्या खाऊ नकोस.

बोंगची

&nbsp;

पुली, २५ जानेवारी २०२१

बोंगचे,

पत्र मिळालं. खोकला आहे तसाच. बांबूचे सुके कोंब आणि थोडे काळे मशरूम पाठवलेत, फेब्रुवारीत आपल्या नव्या वर्षाला होतील. कोंब तीन पाण्यांतून काढ, तू नेहमी दोनांतूनच काढतेस आणि मग कडू लागले म्हणून मला बोलतेस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मास्तर दात घासताना गायचे हे मी विसरलेच होते. तुझ्याकडे आले की मी आत झोपलेली असायची, आधी ते गाणं यायचं, मग तुझा आवाज, मग पुन्हा गाणं. त्या घरात घड्याळाची गरज नव्हती.

लिमबाई आठवल्या. त्यांची ती बांबूची पट्टी, आणि फळ्यावर सुरांच्या खुणा, टोपी, काठी, पाट. अक्षराच्या डोक्यावर टोपी घातली तर एक अर्थ, तिरकी काठी ठेवली तर दुसरा, आडवा पाट ठेवला तर तिसरा. आणि तू सगळ्यांना बोडकंच सोडायचीस. 'लांग' हा शब्द लिहायला दिला होता. टोपी घातली तर माणूस, काठी ठेवली तर टोपलं. तू लिहिलंस, "आमच्या घरी नऊ टोपली आहेत, सगळी खूप खातात, थोरलं रात्री घोरतं." लिमबाई पट्टी खाली ठेवून हसल्या होत्या. तेवढ्या एकदाच हसलेल्या मी बघितल्या. दुसऱ्या दिवसापासून चिडून तू टोप्याच सोडल्यास. म्हणालीस, ज्याला वाचायचं तो आपली टोपी घेऊन येईल.

त्या खोलीत पावसाचं पाणी गळायचं, आपण दोघी एकाच बाकावर सरकत सरकत कोरड्या जागी यायचो. आपल्याइतकं जवळ कोणी बसत नसे.

बोंगचे, माझं ऐकशील? आपली पत्रं वाचायच्या भानगडीत पडू नकोस. दुसरं खोकं बांधून परत दे. तिसऱ्या रकान्यात सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मार आणि मोकळी हो. पोरीला परीक्षेचा अभ्यास असेल, तिला कशाला म्हाताऱ्यांची रडगाणी वाचायला लावतेस? जुनं भांडं फार खरवडलं की तळ निघतो.

डोळा बरा आहे. अक्षर उताणं पडतं म्हणून हातही दाखवून येते.

सोबी

&nbsp;

बुदाई, ६ फेब्रुवारी २०२१

सोबे,

कोंब मिळाले. तीन पाण्यांतून काढले. तरी कडू आहेत.

तू खोकं बांध म्हणालीस, म्हणून त्याच रात्री उघडलं. माझा स्वभाव तुला साठ वर्षांत कळला नाही असं म्हणायचं का?

आता ऐक गंमत. युनछी वाचायला लागली. "प्रिय सोबी, यंदा मी मोहरीच्या पाल्याचे चाळीस रांजण घातले." मी म्हटलं, थांब, चाळीस? माझ्याकडे तीन रांजण. पुढे वाचते, तर सासूच्या तक्रारी चार पानं. सासू माझी वाईट होती, पण तिच्यावर मी एवढी शाई खर्च केली नव्हती. मग मुळ्याच्या वड्यांची कृती, तीच कृती पाच पत्रांत. खाली साहेबाचा शेरा: "लेखिका अत्यंत कंटाळवाणी." मी मूळ पत्राचा फोटो हातात घेतला. माझीच अक्षरं, बोडकी. त्यात मी लिहिलं होतं की मास्तरांच्या मित्राच्या छापखान्याला कुलूप लागलं आणि दोघांना नेलं. रांजणाचं नावसुद्धा नाही.

आधी वाटलं, कोणी गाढवानं आपल्या अक्षरांचा असा चिखल केला. मग ऐंशी सालचं मार्चचं पत्र आलं. ते तुला आठवत असणारच. मी लिहिलं होतं, "लांग बारा दिवस चुलीमागे आहे, नऊ तारखेला कालवांच्या ट्रकनं तुझ्याकडे धाडते, जपून उतरव." छापखान्यातला तो थिआमहोक, मुद्रितं तपासणारा, ज्याच्यामागे सरकारची माणसं लागली होती. तू त्याला सहा महिने माळ्यावर ठेवलंस.

आणि चिनीत काय उतरलंय? "टोपले बारा दिवस चुलीमागे आहे. कालवांच्या ट्रकने धाडते. जपून उतरव." शेरा: "परवान्याशिवाय कालवांचा व्यापार. राजकीय महत्त्व नाही. मत्स्यखात्याला कळवावे."

तर ही गोष्ट होती. त्या साली मत्स्यखात्याचे लोक तीनदा येऊन माझी टोपली तपासून गेले होते. मी चाळीस वर्षं डोकं खाजवलं, माझ्या टोपल्यांत यांचं काय अडकलंय. आणि पहिल्या खोक्यातली नऊ तारखेची नोंद बघ: "दहा टोपली ट्रकमध्ये चढवली. एक जड. पाहणाऱ्याने हात लावला." छत्रीवाल्यानं, सोबे. थिआमहोकला त्यानंच उचलून ट्रकवर ठेवला. मी आणि युनछी एवढ्या हसलो की शेजारची बघायला आली.

मग मे महिन्यातलं पत्र आलं आणि हसू संपलं.

त्यात मी नाव न घेता लिहिलं होतं की थिआमहोक आपली छापील पत्रकं मागे टाकून गेलाय, मुळ्याच्या मोठ्या रांजणाखाली पुरली आहेत, मास्तर म्हणतात जाळ, मी म्हणते पावसाळा संपू दे. हे पत्र चिनीत शब्दाला शब्द उतरलंय. एक रांजण जास्त नाही, एक कमी नाही. सहाव्या दिवशी ते आले आणि सरळ रांजणाकडे गेले. मास्तरांना एक्केचाळीस दिवस कोठडीत ठेवलं. परत आले ते डाव्या कानानं बहिरे. शाळेनं काढून टाकलं. मग उरलेला जन्म माझ्या शेजारी बसून कालवं सोलली, पहिल्या वर्षी दर दिवशी बोट कापायचे.

आणि मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, आखिमनं सांगितलं. कारण आदल्या सकाळी शेजारची आखिम मीठ मागायला आली होती आणि मी रांजण सरकवताना तिनं बघितलं होतं. गल्लीत उभी राहून मी तिला काय काय बोलले. पोरांना तिच्या दारात जाऊ दिलं नाही. मास्तर गेले तेव्हा ती पांढरी फुलं घेऊन आली, ती मी उंबऱ्यावरनं परत केली. पस्तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, शब्द बोलले नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तर मी खिडकी लावून घेतली. आणि हे सगळं मी तुला पत्रांतून कळवत होते. तिच्या नावाचे जेवढे शाप मला येत होते तेवढे सगळे मी तुला लिहिलेत.

सांगितलं माझ्या पत्रानं. म्हणजे मीच. पण पत्र स्वतः बोलत नाही, कोणीतरी वाचून दाखवतं.

भाषांतर करणाऱ्याचं नाव काळ्या शाईनं झाकलंय. खाली फक्त वार आहे, प्रत्येक कागदावर बुधवार. मोजेवाल्या बाईला फोन केला, ती म्हणाली, नाव सांगता येत नाही. मी विचारलंही नाही पुढे. मोहरीच्या पाल्यात आल्याऐवजी ऊस घालणारी बाई मला जगात एकच माहीत आहे, आणि त्या चाळीस रांजणांत सगळीकडे ऊस आहे.

सोबे, सरळ उत्तर दे. बुधवारी कोण बसत होतं?

बोंगची

&nbsp;

पुली, २७ फेब्रुवारी २०२१

बोंगचे,

मी बसत होते.

नव्या वर्षाच्या आधी लिहायला घेतलं होतं, पाच कागद फाडले. आता सहाव्यावर जे पडेल ते धाडते.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मी कामाला होते त्या दवाखान्याच्या धुण्याच्या खोलीत एक साहेब आले. जाड चष्मा, बोलणं गोड, हातात अननसाच्या वड्यांचा डबा. म्हणाले, "वहिनी, तुमच्या मैत्रिणीचं अक्षर आमच्याकडे कोणाला लागत नाही. तुम्ही प्रार्थनाघरातल्या, तुम्हाला येत असेल. दर बुधवारी थोडं वाचून दाखवाल?" मी म्हटलं, मला डोळ्यांनी कमी दिसतं. ते म्हणाले, "मुलाचा अभ्यास बरा चाललाय ना? वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो." एवढंच म्हणाले. मी चष्मा लावला.

म्हणजे तुझं पत्र आधी त्यांच्याकडे जायचं, मग बुधवारी माझ्यासमोर उघडं यायचं, आणि शुक्रवारी तेच पत्र नीट चिकटवून पोस्टमन माझ्या हातात द्यायचा. मी ते पहिल्यांदा वाचत असल्यासारखं घरच्यांसमोर उघडायची. सगळ्यात जास्त लाज मला त्या शुक्रवारांची वाटते.

तू टोप्या घालत नव्हतीस म्हणून वाचलीस. साहेब विचारायचे, हे अक्षर काय? मी म्हणायची, हिला नीट लिहिता येत नाही, अंदाजानं वाचावं लागतं. आणि अंदाजानं मी तुला चाळीस रांजण दिले. एकेका वेळी माझीच मला गंमत वाटायची, तुझ्या सासूबद्दल मी काय काय रचलं. तुला सांगून दोघींनी हसावं असं फार वाटायचं.

थिआमहोकचं मी तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही. टोपलं माझ्याच घरी यायचं होतं. आणि खरं बघितलं तर ते खोटंही नव्हतं, तो टोपल्यातच बसून आला, अंगाला आठवडाभर कालवांचा वास होता.

आता मे महिन्याचं. त्या बुधवारी साहेबांनी वड्या आणल्या नाहीत. पत्र ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, दर वेळी रांजण आणि टोपली. आम्हाला ताइचुंगला दुसरा एक वाचणारा मिळालाय. हे पत्र त्यानं कालच वाचलंय. तुमचं त्याच्याशी जुळतं का बघू." बोंगचे, त्या वेळी थिआमहोक माझ्या माळ्यावर होता. दवाखान्यापासून घर चार पावलं. जुळलं नाही तर ते आधी माझ्या घरी येणार. मी पत्र वाचलं. रांजण आला तिथं थांबले. मग पुढे वाचलं, जसं होतं तसं.

दुसरा वाचणारा कोणी नव्हता. हे मला वर्षानं कळलं, साहेबच हसत हसत बोलून गेले.

मी मास्तरांना दिलं आणि थिआमहोकला वाचवलं. स्वतःला वाचवलं. रोज हिशोब केलाय, रोज वेगळं उत्तर येतं.

पण तू ज्यासाठी मला माफ करणार नाहीस ते हे नाही, मला माहीत आहे. आखिमला तू शिव्या घालायचीस आणि मी वाचायची. पस्तीस वर्षं. दर पत्राला वाटायचं, आता लिहू. मग वाटायचं, लिहिलं तर बोंगची जाईल, आणि मला दुसरी बोंगची नाही. ती फुलं तू परत केलीस ते पत्र अजून माझ्याकडे आहे. त्याला मी उत्तरात हवेबद्दल लिहिलं होतं.

ते पान उघडं ठेव. माझं नाव झाकलेलं असलं तरी पुलीत ज्याला कळायचं त्याला कळेल. तुझा हक्क आहे. मी काही म्हणणार नाही.

सोबी

&nbsp;

बुदाई, २२ मार्च २०२१

सोबे,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टमननं सुद्धा पोचवलं नसतं.

पहिले आठ दिवस मी तुझ्याशी मनात भांडले. कालवं सोलताना, झोपताना. तू समोर नसल्यामुळे प्रत्येक वेळी मीच जिंकले, त्यात काही मजा नाही.

मग एक दिवस बाह्या सरसावल्या आणि आखिमच्या घरी गेले. चाळीस वर्षांनी त्या दारातून आत जाताना पाय कुठं ठेवायचा ते कळेना, त्यांनी फरशी बदलली आहे. तिची सून होती. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, तुझ्या सासूनं काही सांगितलं नव्हतं, माझ्या पत्रातून गेलं, मी चुकले. सून तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "आजी, सासूबाईंना राग नव्हता. म्हणायच्या, बोंगचीला शिव्या द्यायला कोणीतरी हवं होतं, आणि मी जवळ राहत होते."

मी घरी आले आणि त्या दिवशी एकही कालव सोललं नाही.

तू हिशोब करतेस ना रोज, तो बंद कर. तुला जमत नाही, शाळेतही जमत नव्हता. दुसऱ्या खोक्यातलं शेवटचं पान युनछीनं परवा वाचलं. मास्तरांचा जबाब. माझं पत्र त्यांच्यापुढे ठेवून विचारलंय, हे कोणाचं? त्यांनी सांगितलंय, "माझ्या बायकोला लिहितावाचता येत नाही. ती अडाणी आहे. कागद मी पुरले." एक्केचाळीस दिवस हेच. म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं की माझ्या पत्रानं झालं. परत आले, आखिमला मी बोलत होते ते एका कानानं ऐकत होते, दोनदा म्हणाले, "पुरे, तिचं काही नाही त्यात," आणि मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला ऐकू येत नाही." बायकोला अडाणी म्हणाला तो जन्मात एकदाच, आणि तेही सरकारी शिक्का मारून.

तेव्हा दोष देत बसायचं तर रांग मोठी आहे, आणि पहिली मी उभी आहे. पावसाळा संपू दे म्हणणारी मी.

फॉर्म भरला. युनछीचं म्हणणं, सगळं उघडं ठेव, शिकणाऱ्या पोरांना कळू दे. मी म्हटलं, पहिलं खोकं घ्या. मास्तरांचं गाणं घ्या, पेरू घ्या, माझं ओरडणं घ्या. ते आम्ही उघड्यावरच केलं होतं. पण पत्रं बंद. ती म्हणाली, आजी, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, लपवण्यासारखं काही नसलं तरी ते सोबीला लिहिलं होतं, तुझ्या कॉलेजला नाही. कलम आहे ना बारावं, मग त्याला एकदा तरी उठून काम करू दे. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं, मला दाखवलं नाही. बरोबर आहे, तिची वही आहे.

मे महिन्याचं पान तेवढं राहिलंय. तो रकाना मी मोकळा ठेवलाय. ते पत्र लिहिलं मी, वाचलंस तू. उघडं ठेवलं तर आखिमचं नाव धुतलं जाईल, गल्लीत अजून दोन म्हातारे तिला चहाडखोर म्हणतात, माझ्यामुळे म्हणतात. बंद ठेवलं तर तू सुटशील. माझ्या एकटीच्या शिक्क्यानं हे होणार नाही. फॉर्मवर जागा एकाच शिक्क्याची आहे, पण मी ठरवलंय की दोन मारायचे, मोजेवाल्या बाईला काय करायचं ते करू दे.

चार एप्रिलला कबरी साफ करायच्या. मास्तरांची मी करतेच. यंदा आखिमचीही करणार, सुनेला विचारलंय, हो म्हणाली. गवत खूप वाढलंय आणि माझी कंबर वाकत नाही. तुझी वाकते, तू नेहमी सांगतेस. पांढरी फुलं मी आणीन, तिच्यापुढे ठेवशील तू. तिथं काय बोलायचं ते तू तिला बोल, मला ऐकवू नकोस.

मी अजून रागावलेली आहे. येऊन बघ किती.

चुलीमागची खोली झाडून घेतली आहे. एक लांग यायचं आहे असं सगळ्यांना सांगितलंय. टोपी घातलेली नाही. तुझं तू वाच.

बोंगची

&nbsp;

पुली, २९ मार्च २०२१

बोंगचे,

टोपलं बुधवारी दुपारच्या गाडीनं निघतंय. चियाईला गाडी बदलून संध्याकाळी बुदाईला येईल. बरोबर शिक्का आहे, विळा आहे, ऊस आहे.

जपून उतरव. तळ मोडका आहे.

सोबी